कौटुंबिक कलह : समेट कोठवर आणि संरक्षण केव्हा?

घर म्हटले की भांड्याला भांडे लागायचेच, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. या म्हणण्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचे शहाणपण आहे. चार माणसे एका छपराखाली राहिली की मतभेद होणार, रुसवेफुगवे होणार आणि काही काळाने ते मिटणारही. परंतु याच म्हणीच्या आड पुष्कळदा घरातील गंभीर दुःख झाकले जाते. शेजारच्या घरातून रात्री ओरडण्याचा आवाज आला तरी "त्यांचा घरचा मामला आहे" असे म्हणून दार लावून घेतले जाते. कोणते भांडण भांड्याला लागलेले भांडे आहे आणि कोणते भांडण माणूस मोडणारे आहे, हा विवेक करता येणे ही आजची खरी निकड आहे.

या प्रश्नाची व्याप्ती आकड्यांवरून ध्यानात येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ३१.७ टक्के आत्महत्यांचे कारण "कौटुंबिक समस्या" असे नोंदले गेले, तर विवाहविषयक समस्यांचा वाटा आणखी ४.८ टक्के होता. राज्यवार पाहता २२,७४६ ही सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती आणि सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी ती गोष्ट कोणाजवळही बोलून दाखविलेली नव्हती. सारांश, गावात तक्रार आली नाही म्हणजे गावात दुःख नाही, असे समजणे चुकीचे आहे.

ताण येतो कोठून?

भांडणाचे मूळ बहुधा भांडणाच्या विषयात नसते. ते अगोदरच साचलेल्या ताणात असते. भीती किंवा राग उत्पन्न झाला म्हणजे शरीर लढण्याच्या वा पळण्याच्या तयारीला लागते, ही गोष्ट वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली विस्ताराने मांडली. हृदयाची गती वाढते, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात. रानात वाघ समोर आला असता ही तयारी उपयोगी पडते. परंतु सावकाराचा तगादा, नापिकी, नोकरीची अनिश्चिती किंवा आजारी वडिलांचे औषधपाणी हे प्रसंग क्षणात सरणारे नसतात. असा ताण दीर्घकाळ टिकला तर शरीर हळूहळू थकते, हे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ पासूनच्या आपल्या संशोधनातून दाखवून दिले. झोप उडते, पोट बिघडते, डोके दुखते आणि माणूस क्षुल्लक कारणावरून चिडतो. हा राग निघतो तो मात्र सावकारावर किंवा साहेबावर नव्हे, तर घरातल्या सर्वांत जवळच्या माणसावर.

टॉमस होम्स व रिचर्ड राहे या दोन वैद्यकतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची एक क्रमवारी तयार केली आणि प्रत्येक घटनेमुळे किती जुळवून घ्यावे लागते याला गुण दिले. पती वा पत्नीच्या मृत्यूला १०० व घटस्फोटाला ७३ गुण आहेत, यात नवल नाही. परंतु विवाहाला ५०, सेवानिवृत्तीला ४५, गरोदरपणाला ४० आणि सासरच्या माणसांशी होणाऱ्या कटकटींना २९ गुण त्यांनी दिले आहेत. ही मोजणी अमेरिकेतील आहे, ती जशीच्या तशी आपल्याकडे लागू करता येणार नाही. तथापि तिच्यातील मुख्य बोध आपल्यालाही उपयोगी आहे. तो असा की, आनंदाच्या घटनाही ताण आणतात. घरात नवी सून आली, पहिले मूल झाले, कर्ता पुरुष निवृत्त होऊन दिवसभर घरी बसू लागला, मुलगा शिक्षणासाठी शहरात गेला, अशा प्रत्येक वळणावर घराची घडी नव्याने बसवावी लागते. या काळात होणारी कुरबूर म्हणजे कोणाचा तरी स्वभाव वाईट असल्याचा पुरावा नव्हे. "सून आली आणि घर फिरले" असा ठपका ठेवण्यापूर्वी, सून ज्या दिवशी आली त्याच दिवशी तिचे माहेर सुटले, हेही लक्षात घेतले पाहिजे.

भांडण वाढते कसे?

मतभेद नसलेले घर शोधून सापडणार नाही. टिकणारी व मोडणारी घरे यांतील फरक मतभेदांच्या संख्येत नसून ते हाताळण्याच्या रीतीत असतो. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात अनेक वर्षे दांपत्यांच्या संभाषणांचे निरीक्षण केले. नाते पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या आहेत. कृत्याऐवजी माणसावरच टीका करणे, तुच्छतेने बोलणे, प्रत्येक वेळी स्वतःचा बचाव करणे आणि बोलणेच बंद करून भिंतीसारखे बसणे, अशा त्या चार सवयी होत. यांपैकी तुच्छता ही सर्वांत घातक, असे त्यांचे मत आहे. माहेरचा उद्धार, शिक्षणावरून वा रूपावरून टोमणे, पाहुण्यांदेखत केलेली चेष्टा ही आपल्या घरांतील तुच्छतेची परिचित रूपे होत.

टीका आणि तक्रार यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पती कामावरून उशिरा परतला आहे. "तुम्हाला घराची पर्वा कधी नव्हतीच," असे पत्नी म्हणाली तर तो माणसावरचा आरोप झाला आणि त्याला उत्तर म्हणून प्रत्यारोपच येणार. "काल बाळाला ताप होता, रात्री नऊपर्यंत मी एकटी होते, मला भीती वाटली. उशीर होणार असेल तर आधी फोन करीत जा," असे म्हटले तर ती तक्रार झाली. तिच्यात घटना आहे, स्वतःची भावना आहे आणि पुढे काय व्हावे याची स्पष्ट मागणी आहे. अशा तक्रारीला उत्तर देता येते, आरोपाला देता येत नाही. हाच नियम पतीच्या बोलण्यालाही तितकाच लागू पडतो.

दुसरी गोष्ट वेळेची. राग अनावर झाला, हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेले की समोरच्याचे म्हणणे नीट कानी पडत नाही, असे गॉटमन यांचे निरीक्षण आहे. अशा वेळी किमान वीस मिनिटे बोलणे थांबवावे, असे ते सुचवितात. मात्र थांबणे म्हणजे पाय आपटीत घराबाहेर निघून जाणे नव्हे. "आता मला राग आला आहे, जेवणानंतर बोलू," असे सांगून थांबावे आणि ठरल्याप्रमाणे पुन्हा बोलावे. परत येण्याचे वचन नसलेला विराम समोरच्याला शिक्षेसारखा वाटतो.

तिसरी गोष्ट पैशाची. पुष्कळ घरांत कलहाचे कारण पैसा कमी असणे हे जेवढे असते, तेवढेच तो कोठे जातो हे ठाऊक नसणे हेही असते. सोसायटीचे कर्ज किती, हप्ता केव्हा, दागिना गहाण पडला आहे काय, या गोष्टी घरातील प्रौढ स्त्री-पुरुषांना सारख्याच माहीत असाव्यात. महिन्यातून एकदा हिशेबाची वही सर्वांसमोर उघडली तर अनेक संशय जागच्या जागी विरतात. कर्जाच्या ओझ्याने खचलेला माणूस ते ओझे पत्नीला सांगू शकला, तर एखादे घर उद्ध्वस्त होण्यापासून वाचू शकते, ही गोष्ट आपल्या राज्याला वेगळी सांगण्याची गरज नाही.

तिसऱ्या माणसाची भूमिका

दोघांतील ताण असह्य झाला की ती दोघे तिसऱ्या माणसाला आपल्यात ओढतात, असे कुटुंबचिकित्सेचे एक प्रणेते मरे बोवेन यांनी म्हटले आहे. हा तिसरा माणूस कधी मूल असते, कधी सासू, तर कधी गावचा सरपंच किंवा शिक्षक. त्याने एकाची बाजू घेतली की ताण तात्पुरता कमी झाल्यासारखा भासतो, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून पंचायत सदस्याने, पोलीस पाटलाने वा शिक्षकाने मध्यस्थी करताना न्यायाधीशाची खुर्ची न घेता दोघांना बोलते करणाऱ्याची जागा घ्यावी.

समजा, दोन भावांत सामाईक विहिरीच्या पाण्यावरून तंटा आहे. थोरल्याची मागणी, "विहिरीचा निकाल लावा." धाकट्याचे म्हणणे, "माझा हिस्सा मी सोडणार नाही." या मागण्यांवरच चर्चा घुटमळत राहिली तर तंटा तहसील कचेरीत व तेथून न्यायालयात जाणार, हे ठरलेलेच. परंतु मध्यस्थाने "का?" असा प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारला, तर निराळेच चित्र दिसू लागते. धाकटा कारखान्यात पाळीने काम करतो आणि सवड मिळेल तेव्हा मोटर लावतो. त्यामुळे थोरल्याला आपली पाळी कधी येणार हेच कळत नाही. शिवाय पुतणीच्या साखरपुड्याचे आपल्याला शेवटी कळविले, हा सल थोरल्याच्या मनात आहे. कारखान्यातील पाळ्यांचा तक्ता कळताच दर रविवारी आठवड्याच्या पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून काढाव्यात आणि लग्नाच्या याद्या थोरल्याच्या हातून व्हाव्यात, एवढ्यावर हा तंटा मिटू शकतो. मागणीच्या पोटातील गरज शोधणे हे मध्यस्थीचे मर्म आहे. रॉजर फिशर व विल्यम युरी यांनी १९८१ साली वाटाघाटींवरील आपल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले.

महाराष्ट्रात गावपातळीवर तंटे सामोपचाराने मिटविण्याच्या परंपरेला शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या रूपाने चालना दिली. वाटण्या, बांध, वाटा, उसनवारी अशा तंट्यांत गावच्या समितीचा उपयोग मोठा आहे. तथापि या मार्गाला एक मर्यादा आहे आणि ती न ओळखल्यास चांगल्या हेतूने केलेली मध्यस्थी अन्यायाला हातभार लावते.

समेटाची मर्यादा

समेट समान पातळीवरील दोन व्यक्तींमध्ये होतो. एक व्यक्ती दुसरीला भीत असेल, तर तेथे होतो तो समेट नव्हे, शरणागती होय. मारहाण होत असलेल्या स्त्रीला चावडीवर बोलावून, पतीच्या व सासऱ्याच्या समोर "तुझे काय म्हणणे आहे?" असे विचारले, तर ती खरे बोलणार नाही, कारण रात्री तिला त्याच घरी परतायचे असते. मग "तिची काही तक्रार नाही" असा कागद होतो, सर्वांच्या सह्या होतात आणि गाव सुटकेचा निःश्वास टाकते. असा कागद तिचे संरक्षण करीत नाही. उलट पुढच्या वेळी मदत मागण्याचा तिचा मार्ग तो बंद करतो.

यासाठी मध्यस्थीस बसण्यापूर्वी स्त्रीशी एकांतात, शक्यतो दुसऱ्या स्त्रीने, बोलणे अगत्याचे आहे. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती किंवा महिला सदस्य हे काम करू शकतात. चार गोष्टी विचाराव्यात. हात उचलला जातो काय? जिवे मारण्याची किंवा मुले हिरावून घेण्याची धमकी दिली जाते काय? पैसे, फोन, माहेरी जाणे यांवर बंदी आहे काय? आज रात्री घरी परतण्याची भीती वाटते काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर तो समजुतीचा नव्हे, संरक्षणाचा विषय आहे. "दारूच्या भरात झाले" ही सबब तेथे चालू नये. व्यसनावर उपचार जरूर व्हावेत. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी तो मार्ग दाखविलेला आहे. परंतु पतीचे व्यसन सुटेपर्यंत पत्नीने मार खावा, असा त्याचा अर्थ होऊ शकत नाही.

कायदा आणि यंत्रणा

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. शारीरिक छळाबरोबरच लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक छळही त्यात हिंसा मानला आहे. त्याचे संरक्षण केवळ पत्नीपुरते नाही. एकाच घरात राहणारी आई, बहीण, विधवा भावजय आणि विवाहासारख्या संबंधात राहणारी स्त्री यांनाही ते मिळते. घर पतीच्या वा सासऱ्याच्या नावावर असले तरी सामाईक घरात राहण्याचा तिचा हक्क या कायद्याने मान्य केला आहे. दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज आल्यावर पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी व पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. संरक्षण आदेशाचा भंग झाल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी या अधिनियमाचे चौथे कलम आवर्जून ध्यानी ठेवावे. हिंसा घडली आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्याला सकारण वाटते, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. "आपण कशाला पडावे मध्ये?" या शंकेचे उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे. समुपदेशनाचा मार्गही या कायद्यात आहे. मात्र २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्यास वाव नाही. "तिने उलट उत्तर दिले म्हणून मारले" हा युक्तिवाद तेथे मांडताच येत नाही. गावातील बैठकींनीही हाच दंडक पाळावा. विवाहितेच्या छळाबद्दलची फौजदारी तरतूद १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ म्हणून आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे.

जेथे हिंसा नाही, पण संसार एकत्र चालणे अवघड झाले आहे, तेथे कुटुंब न्यायालयाचा मार्ग आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ साली झाला आणि १९८९ साली पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. शक्य असेल तेथे तडजोडीचा प्रयत्न करणे हे या न्यायालयाचे कर्तव्य आहे. त्यासाठी समुपदेशक असतात आणि पक्षकाराने मागणी केल्यास सुनावणी बंद दाराआड होते. १९८४ सालीच टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसून समाजकार्यकर्तीने पीडितेचे म्हणणे ऐकावे, ही कल्पना तेथून पुढे राज्यात इतरत्र पोहोचली. वृद्ध आईवडिलांची हेळसांड होत असेल तर २००७ च्या अधिनियमाखाली निर्वाह न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे.

पुढील दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवण्याजोगे आहेत. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, विधी साहाय्यासाठी १५१०० आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानस १४४१६. टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तीवर मराठीतून बोलता येते.

शाळेत दिसणाऱ्या खुणा

घरातील कलहाची पहिली नोंद पुष्कळदा शाळेत होते. बोलके मूल अचानक गप्प होते, गृहपाठ थांबतो, पोट दुखते म्हणून वारंवार घरी जावेसे वाटते, किंवा उलट शाळा सुटली तरी मूल घरी जायला तयार नसते. आईवडिलांच्या भांडणाला आपणच कारण आहोत, असे लहान मुले मनाशी समजून बसतात. शिक्षकाने वर्गादेखत चौकशी करू नये. बाजूला घेऊन, कोणताही आग्रह न धरता, ऐकून घ्यावे. "यात तुझी काही चूक नाही," हे एक वाक्य त्या मुलाला फार मोठा आधार देते. मूल स्वतःच मार खात असल्याचा संशय आला, तर ते पालकांच्या बैठकीत न मांडता १०९८ वर कळवावे. ज्याच्याविषयी संशय आहे त्यालाच आधी सावध केले, तर मूल अधिक धोक्यात येते.

कुटुंब ही आपल्या समाजाची सर्वांत जुनी आधारसंस्था आहे. दुष्काळात, आजारपणात, बेकारीत शासनाची मदत पोहोचण्यापूर्वी घरचेच माणूस धावून येते. ही संस्था टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांनी घरातील बोलणे मोकळे राहील याची काळजी घेतली पाहिजे आणि जेथे बोलण्याला भीतीने कुलूप घातले आहे, तेथे बाहेरून दार ठोठावण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत या विषयासाठी थोडा वेळ राखून ठेवला, मदतीचे क्रमांक फलकावर लिहिले आणि मध्यस्थीपूर्वी एकांतात चार प्रश्न विचारण्याचा नियम समितीने स्वीकारला, तर त्यासाठी एक पैसाही खर्च होणार नाही. मात्र गावातील एखाद्या घरात, आजवर कोणाजवळही काही न बोललेल्या एखाद्या व्यक्तीला, आपले ऐकणारे कोणीतरी आहे एवढे तरी त्यातून निश्चित कळेल.